पॉवर विंडो बंद पडली? मोटर बदलण्याआधी दाराची वायर बघा

जुन्या गाडीची ड्रायव्हरकडची काच मध्येच अडकली की मेकॅनिक आधी मोटर बदलायला सांगतात. घाई करू नका. बटण दाबून कान द्या. मोटर घरघरते पण काच हलत नाही, तर बहुतेक वेळा रेग्युलेटरची (काच वर-खाली नेणाऱ्या यंत्रणेची) केबल तुटलेली असते. आवाजच नाही, तर आधी फ्यूज बघा (बहुतेक गाड्यांत २० ते ३० अँपिअरचा).

फ्यूज ठीक असेल तर दाराचं ट्रिम (आतलं पॅनल) काढून मोटरचा कनेक्टर सोडवा आणि त्याच्या दोन पिनांना इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडा. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. वायरची एकच तार शाबूत असली तरी तो १२ व्होल्ट दाखवतो, लोड आला, म्हणजे मोटर किंवा बल्ब करंट खेचू लागला, की व्होल्टेज कोसळतं. बटण दाबल्यावर बल्ब झगझगीत पेटला तर दोष मोटरचा. मंद पेटला किंवा दार उघड-बंद करताना लुकलुकला, तर दार आणि पिलर (दार ज्याला बसवलेलं असतं तो गाडीचा खांब) यांमधल्या रबरी नळीतली वायर गेली. वरचं आवरण अखंड दिसतं, आत तांबं तुटलेलं असतं. हलकेच ओढली की वायर तिथेच रबरासारखी ताणली जाते.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. तुटका भाग कापून तेवढ्याच जाडीची लवचीक वायर सोल्डर करा, वर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवा. सांधे मात्र दाराच्या रबरी नळीच्या बाहेर घ्या, वाकणाऱ्या जागी सोल्डर पुन्हा तुटतं.

काचेच्या रबरी खाचेत सिलिकॉन स्प्रेच मारा. ग्रीसला धूळ चिकटते आणि मोटरवर ताण येतो.