घरचा सर्व्हर आणि वायरींचा गुंता: या चुका टाळा

गणपतीला आम्ही दरवर्षी गावी जातो. तीन वर्षांपूर्वी गावी पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलुंडच्या घरातला सर्व्हर (फोटो-फाइली साठवणारा, कायम चालू असलेला छोटा संगणक) फोनवर दिसेनासा झाला. घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. मी त्यांना फोनवर म्हटलं, "काकू, राउटरमधून सर्व्हरला गेलेली निळी वायर काढून परत लावता का?" त्या कपाटासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "अरे, इथे निळ्या चार आहेत. त्यातली कुठली?" मला सांगता आलं नाही. मी अंदाजाने एक सांगितली आणि ती नेमकी सर्व्हरला बाहेरून जोडलेल्या डिस्कची निघाली. त्या वेळी तिच्यावर फोटोंचा बॅकअप उतरत होता. परत आल्यावर त्या डिस्कची फाइल सिस्टीम दुरुस्त करण्यात दोन रात्री गेल्या, आणि आईबाबांच्या जुन्या फोटोंचा एक फोल्डर पुन्हा स्कॅन करावा लागला.

मूळ बिघाड अगदी लहान होता. नेटवर्क केबलच्या टोकाची प्लास्टिकची क्लिप तुटलेली होती, म्हणून ती केबल हळूहळू सॉकेटमधून सरकली होती. क्लिप तुटलेली मला आधीच दिसली होती. "चालतंय ना" म्हणून मी ती तशीच ठेवली.

चिठ्ठ्या नसणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून आधी हिच्याबद्दल. केबल सरळ रांगेत दिसावी म्हणून नीट करायची नसते. अंधारात, घाईत किंवा फोनवरून दुसऱ्याला सांगून ती सापडली पाहिजे. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा, प्लगपासून चार बोटांवर. एकाच टोकाला लावली तर दुसरं टोक शोधायला पुन्हा सगळं ओढावं लागतं. चिठ्ठी घरातल्या सगळ्यांना कळेल अशा मराठीत लिहा: "राउटर ते सर्व्हर", "डिस्क, काढू नये". वरून पारदर्शक टेप लावा, नाहीतर पावसाळ्याच्या दमटपणात शाई पसरते. अ‍ॅडॉप्टरवरही लिहा. दोन अ‍ॅडॉप्टरची पिन सारखी बसते, पण एक १२ व्होल्टचा आणि दुसरा १९ व्होल्टचा असू शकतो.

सगळं लावून झालं की मागच्या बाजूचा एक फोटो काढा आणि तो फोनमध्ये ठेवा. सर्व्हरवर ठेवलेला फोटो सर्व्हर बंद पडल्यावर उपयोगाचा नाही.

केबल टाय करकचून आवळणं

प्लास्टिकचे केबल टाय स्वस्त असतात आणि गठ्ठा छान दिसतो. पण एक केबल बदलायची वेळ आली की कात्री घ्यावी लागते, आणि कात्री भलत्याच केबलला लागते. वेल्क्रोची पट्टी वापरा, तीही आत बोट सरकेल इतकी सैल. नेटवर्क केबलला तिच्या जाडीच्या चौपटीपेक्षा लहान वळण देऊ नये. कॅट सिक्स प्रकारच्या नेटवर्क केबलसाठी ते साधारण एक इंच येतं. फायबरची वायर तर त्याहून नाजूक, ती दरवाजाच्या फटीत किंवा खिळ्याला दुमडून कधीच ठेवू नका.

याच आवळण्याचा दुसरा परिणाम सर्व्हरच्या पेटीच्या आत दिसतो. डिस्क मधूनच गायब होते, थोड्या वेळाने परत येते, आणि माणूस नवी डिस्क विकत घ्यायला निघतो. त्याआधी डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) उघडा. त्यात १९९ क्रमांकाचा सीआरसी एररचा (डेटा वाटेत बिघडून पोचल्याचा) आकडा वाढत असेल, तर संशय आधी डिस्कला बोर्डाशी जोडणाऱ्या साटा केबलवर घ्या. केबल बदला आणि आकडा लिहून ठेवा. तो परत शून्यावर येत नाही, म्हणून पुढे वाढतो का तेवढंच बघायचं. ५ आणि १९७ क्रमांकांचे आकडे वाढत असतील तर मात्र डिस्कच जायला लागली आहे, तिच्यावरचा डेटा त्याच दिवशी हलवा.

"नेट स्लो आहे" म्हणून भलतंच बदलणं

सर्व्हरवर मोठी फाइल टाकताना वेग सेकंदाला ११ एमबीच्या आसपास अडकत असेल, तर जवळजवळ नक्कीच मधली एखादी जोडणी गिगाबिटऐवजी (सेकंदाला १००० मेगाबिट) १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट; आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) उतरली आहे. गिगाबिटवर हाच वेग ११० एमबीच्या घरात असतो. कारण साधं आहे. १०० एमबीपीएसला केबलमधल्या तारांच्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी क्रिम्पिंगमध्ये (तारांवर प्लग दाबून बसवताना) नीट बसली नाही, तरी नेट चालू राहतं, फक्त दसपट मंद. माणसं राउटर बदलतात, डिस्क बदलतात, आणि दोष दहा रुपयांच्या प्लगमध्ये असतो. नेटवर्क स्विचवरच्या (केबली जोडायच्या डबीवरच्या) दिव्याचा रंग किंवा लिनक्सवर 'एथटूल' ही कमांड जोडणीचा वेग लगेच सांगते. आधी चांगली ठरलेली दुसरी केबल लावून बघा. त्यासाठी एक तपासलेली केबल कायम बाजूला ठेवा.

स्वतः क्रिम्प करत असाल तर दोन्ही टोकांना क्रम एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मीटरवर केबल घेताना

"कॅट सिक्स" असं छापलेलं असलं तरी आतलं तांबं खरं असेलच असं नाही. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल सर्रास मिळते. ती हलकी असते, वाकवली की लवकर तुटते, आणि कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज दिली की जास्त तापते. एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून चांदीसारखी पांढरी चमकली तर घेऊ नका. कपाटातल्या कपाटात जोडायला तयार पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी लवचिक केबल) घ्या. भिंतीतून न्यायची केबल एकसंध तारेची असते, ती सारखी वाकवली की आतून तुटते.

माळा, खिडकी आणि तळमजला

वन बीएचकेमध्ये जागा नसते हे मला मान्य, पण सर्व्हर माळ्यावर ठेवू नका. मे महिन्यात छताखालची हवा तापते, धूळ बसते आणि उबेला झुरळं येतात. हवा खेळेल असं उघडं फडताळ बरं. मागे हात जाईल इतकी जागा सोडा.

खिडकीतून आत येणारी वायर थेट भोकात घुसवली असेल, तर जुलैत पाणी तिच्यावरून वाहत राउटरपर्यंत येतं. भोकाबाहेर वायरला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच टपकेल. तळमजल्यावर राहत असाल तर बोर्ड आणि सर्व्हर दोन्ही कमरेच्या वर ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला होता. तेव्हा पाणी किती चढलं, ते आपल्या इमारतीतल्या जुन्या लोकांना विचारून ठेवा.

विजेच्या बाबतीत निर्धास्त राहणं

"मुंबईत लाइट जात नाही" हे वाक्य १२ ऑक्टोबर २०२० ला खोटं ठरलं, शहरभर वीज गेली होती. रोजचा धोका मात्र क्षणभराच्या झटक्यांचा असतो, आणि डिस्कला तेवढा पुरतो. मिनी पीसी, दोन डिस्क आणि राउटर मिळून ४० वॉट धरले तर ६०० व्हीएचा छोटा यूपीएस पुरतो. चूक पुढे होते. यूपीएस आणि सर्व्हरमधली यूएसबी केबल जोडलीच जात नाही. ती जोडून 'नेटवर्क यूपीएस टूल्स' हे सॉफ्टवेअर बसवलं की बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. बॅकअप झाल्यावर एखाद्या रविवारी भिंतीवरचं बटण बंद करून खरंच काय होतं ते बघा.

एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडू नका. पेटीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा. जुन्या इमारतींत बोर्डाचं तिसरं भोक नुसतंच असतं. अशा वेळी इलेक्ट्रिशियनला बोलवा, तोवर सर्व्हर बंद ठेवा. विजेच्या आणि डेटाच्या वायरी एकाच गठ्ठ्यात बांधू नका. ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा.

४० वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला जवळपास २९ युनिट. जुना डेस्कटॉप ८० वॉट खात असेल तर ५७-५८. बिलात १०० युनिटांनंतर दर चढतो, हे पेटी निवडतानाच मोजा.

बाहेरून न दिसणारा सर्व्हर

राउटरवर पोर्ट (बाहेरून सर्व्हरपर्यंत येण्याची वाट) उघडूनही गावाहून सर्व्हर दिसत नसेल, तर राउटरवरचा वॅन पत्ता (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर एकच सार्वजनिक पत्ता तुमच्यासह अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि पोर्ट उघडून काही होणार नाही. फोन आणि सर्व्हर खासगी नेटवर्कने जोडणाऱ्या टेलस्केलसारख्या सेवेचा मार्ग घ्या. तसंही सर्व्हरचं लॉगिन पान थेट इंटरनेटवर उघडं टाकू नये.

आता गावी निघण्याच्या आदल्या रात्री मी प्रत्येक प्लग बोटाने दाबून बघतो, तुटक्या क्लिपची केबल असेल तर बदलतो, बाहेरच्या डिस्कचा बॅकअप पूर्ण करून ती काढून बॅगेत घेतो. काकूंना एकदा कपाटासमोर नेऊन चिठ्ठ्या वाचायला लावतो. त्यांना चष्म्याशिवाय दिसतील इतकी अक्षरं मोठी आहेत.