कानाच्या नसेवरच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यावर तोल परत कसा आणायचा

अकूस्टिक न्यूरोमा म्हणजे तोल सांभाळणाऱ्या नसेवरची गाठ. ती काढताना बहुतेक वेळा ती नसच कापावी लागते आणि मग पेशंट शुद्धीवर आला की खोली गरगर फिरते, उलट्या होतात, घरचे पार हादरतात. होतं असं की आपण स्वस्थ बसलेलो असतानाही दोन्ही कानांच्या नसा मेंदूला सतत सिग्नल देत असतात, एका बाजूचे बंद पडले की मेंदूला वाटतं डोकं चांगल्या कानाकडे फिरतंय. कापलेली नस काही परत कामाला लागत नाही, पण काही दिवसांत मेंदूतली त्या बाजूची तोलाची केंद्रं स्वतःहून सिग्नल द्यायला लागतात आणि पडल्यापडल्या येणारी चक्कर कमी होते. मान वळवल्यावर येणारी चक्कर मात्र अशी आपोआप जात नाही, त्यासाठी डोकं हलवावंच लागतं! १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी याच तत्त्वावर व्यायाम बसवले.

सर्जननी हो म्हटलं की सुरू करा. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर एक मोठं अक्षर चिकटवा, समोर खुर्चीत बसा, नजर अक्षरावरच ठेवून डोकं डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवा, मग वर-खाली. अक्षर पुसट व्हायच्या जरा आधीचा स्पीड ठेवायचा. एकेक मिनिट, दिवसातून तीन-चार वेळा. जमलं की उभं राहून, मग पाय जुळवून, मग चालताना. थोडं गरगरणारच, त्याशिवाय मेंदू शिकणार कसा, पण अर्धा तास झाला तरी थांबत नसेल तर स्पीड कमी करा. स्टेमेटिलसारख्या चक्कर-उलटीच्या गोळ्या पहिल्या काही दिवसांपुरत्याच, पुढे चालू ठेवल्या तर मेंदूचं हे शिकणं लांबतं, म्हणून कधी बंद करायच्या ते डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

चेहऱ्याची नस शेजारूनच जाते. ती दुखावली पण तुटली नसेल तर पुन्हा वाढू शकते, दिवसाला साधारण १ मिमी, म्हणजे महिने लागतात, तोवर डोळा मिटत नसेल तर ड्रॉप्स अजिबात चुकवू नका.

नाकातून पाण्यासारखं गळायला लागलं किंवा ताप येऊन मान आखडली तर व्यायाम सोडा आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

रात्री बाथरूमपर्यंत लाईट चालू ठेवा, अंधारात डोळ्यांचा आधार जातो. आणि विहिरीत, नदीत एकट्याने पोहायला अजिबात उतरू नका, पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही.