एसीला वास येतोय? आधी घराच्या मागं जाऊन पाइप बघा

गेल्या मे महिन्यात आमच्या वन्सं आणि भाऊजी पुण्याहून आमच्याकडं सोलापूरला आठ दिवसांसाठी आले होते. दुसऱ्याच रात्री वन्सं स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, त्या खोलीत उंदीर-बिंदीर मेलाय का?" दिवसभर ४३ अंश, रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका, आणि ते दोघं एसी बंद करून, खिडक्या उघड्या टाकून पंख्याखाली पडलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यंदा ते परत येताहेत, म्हणून ही यादी आधी माझ्यासाठी लिहितेय. तुमच्याही उपयोगी पडली तर बरंच.

मागच्या वेळी मी काय काय केलं ते ऐका. एसीच्या जाळ्या (फिल्टर) धुतल्या. नवी पेठेतून फेसाचा डबा आणून कॉइलवर, म्हणजे आतल्या थंड होणाऱ्या नळ्या-पत्र्यांवर मारला. खोलीत कापूर जाळला, उदबत्ती लावली, तर उंदीर मेलेल्या देवळासारखा वास यायला लागला. मेकॅनिकला बोलावलं. त्यानं जेट, म्हणजे पाण्याचा जोराचा फवारा मारला आणि वर "गॅस कमी आहे" म्हणून गॅसही भरला. थंडावा वाढला, वास तिथंच. चौथ्या दिवशी टाकीचा बॉल बदलायला प्लंबर आला. मागच्या बोळात उभा राहून तो म्हणाला, "अक्का, एसीचा पाइप ड्रेनेजच्या लाइनीत कोण घातलंय हे?"

घातला होता आम्हीच. म्हणजे आमच्या सांगण्यावरून. पाइपचं पाणी शेजारच्यांच्या भिंतीवर ठिबकायचं, रोज बोलणी बसायची. तेव्हा बसवणाऱ्यानं पाइप वाढवून मागच्या उभ्या सांडपाण्याच्या पाइपला भोक पाडून आत खुपसला आणि भोवती पांढरा सिमेंट लिंपला. काम इतकं स्वच्छ दिसत होतं की मी त्याला चहाबरोबर शेंगाचटणी आणि कडक भाकरीसुद्धा दिली होती.

म्हणून पहिलं काम हे: टॉर्च घ्या, घराच्या मागं जा, एसीच्या पाण्याच्या पाइपचं टोक कुठं संपतंय ते डोळ्यांनी बघा. "असेल कुठंतरी" चालणार नाही. बाकी सगळं नंतर.

हे आधी का, ते सांगते, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आपला साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवत राहतो. त्यामुळं वास यायला तीनच वाटा. एक तर तो खोलीत आहे, नाहीतर एसीच्या भिंतीवरच्या डब्यात, म्हणजे इनडोअरमध्ये आहे, नाहीतर पाण्याच्या पाइपातून वर चढतोय. आता डब्यात हवा कशी जाते बघा. ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, ती आधी कॉइलमधून ओढतो आणि मग आपल्या अंगावर फेकतो. पाणी गोळा होणारा ट्रे कॉइलच्या खाली, म्हणजे ओढणाऱ्या बाजूला. त्याच ट्रेला पाइप जोडलेला. पाइपचं दुसरं टोक गटारात असेल तर एसी चालू झाला की तो गटाराची हवा स्ट्रॉसारखी ओढून खोलीत आणतो. बेसिनखाली वाकडा पाइप असतो, त्यात पाणी अडून राहतं आणि वास थांबतो. एसीच्या पाइपाला तसं काही नसतं, आणि असलं तरी आपल्याकडं एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी की एसीतून पाणीच कमी पडतं, अडलेलं पाणी वाळून जातं आणि रस्ता मोकळा. त्या लाइनीत हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याचा वास त्याचाच. तो लहान बाळाच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत रात्रभर सोडायचा का?

टोक गटारात सापडलं तर काढा. नहाणीच्या जाळीत खुपसलेलं असेल तरी काढा. मोकळ्या हवेत, जाळीच्या किंवा बादलीच्या चार बोटं वर लटकू द्या. पाण्यात बुडवू नका, हवा अडकून पाणी उलटं तुंबतं आणि इनडोअरमधून भिंतीवर गळतं. लाइनीला पाडलेलं भोक नीट बुजवा, चिंधी कोंबून नाही. आणि खात्री करायची असेल तर पैसे खर्च करण्याआधी एक रात्र टोक नुसतं बाहेर काढून एसी चालवा. सकाळी वास नसेल तर मेकॅनिकला फोन करायची गरजच नाही. मी ही एक रात्र वाचवली आणि चार दिवस घालवले.

पाइप बघितलात? मग पुढं.

आता नाक. वासाचा प्रकार ओळखल्याशिवाय काहीही विकत आणू नका. चालू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं ओल्या मोज्यांसारखा, कुबट वास येऊन मग कमी होत असेल तर कॉइलवर आणि ब्लोअरवर बुरशी आहे. कॉम्प्रेसर थांबून नुसता पंखा फिरतो तेव्हा तो पुन्हा उसळी मारतो, कारण कॉइलवरचं पाणी तेव्हा वाफ होऊन खोलीत येतं. हा वास उन्हाळ्यात दबून असतो आणि वळवाचा पहिला पाऊस पडला की जागा होतो. सडल्याचा वास एसी बंद असतानाही डब्याजवळ येत असेल तर पाल. हसू नका, आमच्या आत्याबाईंच्या ब्लोअरमध्ये निघाली होती. गटाराचा वास एसी चालू असेपर्यंत सतत येत राहतो, आणि त्याचं उत्तर मागच्या बोळात आहे. सांगितलं ना.

जळका वास, किंवा तापलेल्या प्लास्टिकचा, किंवा मासळीसारखा विचित्र वास आला तर हुंगत बसायचं नाही. रिमोटनं बंद करून भागत नाही, एमसीबी, म्हणजे बोर्डातला एसीचा मेन स्विच पाडा. वायर, प्लग किंवा आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड तापलंय. इथं घरगुती हुशारी नको, इलेक्ट्रिशियनच. आणि "गॅस लीक झालाय म्हणून वास येतो" हे मेकॅनिकचं वाक्य ऐकून लगेच मान डोलावू नका. आर-३२ सारख्या गॅसला वास जवळजवळ नसतोच. गॅस कमी झाल्याची खूण म्हणजे थंडावा कमी होणं आणि कॉइलवर बर्फ धरणं. गळती खरंच असेल तर ती आधी शोधून बंद करायची, नुसता गॅस भरून उपयोग नाही. आर-३२ पेट घेऊ शकतो आणि आर-२९० म्हणजे तर चक्क प्रोपेन, तेव्हा तिथं काडी, कापूर काही नको. मी कापूर लावत होते, देवानंच राखलं.

खोलीकडंही बघा. आमच्या हॉलमध्ये कूलर आहे. त्याची ओली हवा दाराच्या फटीतून बेडरूममध्ये जाते, आणि कूलरच्या वाळ्यात साठलेल्या शिळ्या पाण्याचा वास बिचाऱ्या एसीच्या नावावर खपतो. एसी लावायचा तर कूलर बंद. पाहुण्यांसाठी कपाटात वर्षभर दाबून ठेवलेल्या चादरी आणि उशाही हुंगून बघा. सोलापुरी चादर जाड, कुबट वास धरला की सोडत नाही.

जाळ्या: धुवा, सावलीत वाळवा. एवढंच. पण ज्यांच्या गल्लीत माग चालतात त्यांनी महिन्याची वाट बघू नये, पंधरा दिवसांनी काढा. आमच्याकडं शहराच्या पूर्व भागात कापसाचा भुगा हवेत असतोच. तो जाळीतून निसटून ओल्या ब्लोअरवर बसतो आणि त्याची बारीक गोधडी तयार होते. बुरशीला असं अंथरूण मिळाल्यावर ती कशाला उठेल? हवा बाहेर येते ती खालची पातळ झडप उघडून टॉर्चनं ब्लोअरच्या पात्या बघा. काळे ठिपके किंवा लोकरीसारखा थर दिसला तर घरचा फेसाचा डबा पुरणार नाही, फेस कॉइलच्या तोंडाला लागतो, मागच्या ब्लोअरला लागत नाही. मेकॅनिक बोलवा.

बोलवताना दिवस बघून बोलवा. आपल्याकडं पाणी रोज येत नाही, आणि जेट सर्व्हिसला चांगल्या तीन-चार बादल्या लागतात. मी नेमकं पाणी न येण्याच्या दिवशी बोलावलं होतं. प्यायला भरून ठेवलेलं उजनीचं पाणी जेटमध्ये गेलं आणि सासूबाई संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. बोअरचं पाणी वापरलं तर वाळल्यावर पांढरं मीठ धरतं, म्हणून शेवटचा हात तरी नळाच्या पाण्याचा. मार्चमध्येच उरका, एप्रिल लागला की मेकॅनिक "उद्या येतो" म्हणतो आणि तो उद्या मे महिन्यात उगवतो.

तो आला की उभं राहा. एमसीबी पाडली का, कार्डावर प्लास्टिक गुंडाळलं का, जेट कॉइलच्या पत्र्यांच्या सरळ रेषेत मारतोय का आडवं मारून पत्रे वाकवतोय. ट्रे काढून धुवायला सांगा, त्यात जेलीसारखा चिकट गाळ असतो. कॉइलवर फिनेल, ॲसिड, ब्लीच यातलं काहीही मारू देऊ नका. ॲसिड आणि ब्लीच ॲल्युमिनियम खातात. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू होतो, मग वासाची तक्रार करायला माणूस राहायला पाहिजे ना. डबा लावल्यावर ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतायला सांगा आणि तुम्ही स्वतः मागं जाऊन ते पाइपातून बाहेर पडतंय का बघा. आणि मेकॅनिक जाताना, नीटनेटकं दिसावं म्हणून, पाइपचं टोक परत कुठल्या भोकात तर खुपसत नाहीये ना, तेही बघा. आमच्या त्यानं पुढच्या वेळी आल्यावर बाहेर काढलेलं टोक खरंच परत खुपसायला घेतलं होतं. मी ओरडले.

रोजचं: बंद करण्याआधी अर्धा तास नुसत्या पंख्याच्या मोडवर चालवा, कॉइल वाळते. ज्यांच्यात आपोआप वाळवायची सोय आहे त्यांनी ती चालू ठेवावी, मधेच मेन स्विच मारू नये. एवढं केलं तर निम्मी बुरशी येतच नाही, बाकी कुणी करत नाही. मीही विसरते.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दार-खिडकी लावून चार तास चालवा, बाहेर जा, परत येऊन हुंगा. घरातल्या माणसाचं नाक सरावलेलं असतं, म्हणून शेजारणीला बोलवा. गादी उन्हात टाका. रूम फ्रेशनर नको.

पाइपखाली बादली. मेमध्ये रात्रीत अर्धीसुद्धा होत नाही, जुलैत भरून वाहते, तेव्हा झोपायच्या आधी रिकामी करा. ते पाणी फरशीला, संडासात ओतायला चालतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका, ते डिस्टिल्ड नाही, धूळ धुतलेलं आहे. आणि बादली भरून टोक पाण्यात बुडायला लागलं तर चार बोटं वर घ्या.