ब्रिसलनोज: अंडी सहज येतात, पिल्लं जगवावी लागतात

नर-मादी वयात आलेली असतील, नराला मनाजोगती गुहा मिळाली असेल आणि पाणी स्वच्छ असेल, तर ब्रिसलनोज या टँकमध्ये पाळल्या जाणाऱ्या कॅटफिशची अंडी फार खटपट न करता येतात. अडचण पुढे सुरू होते. ऐंशी-शंभर पिल्लं बाहेर पडतात आणि दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात एकेक करत कमी होत जातात. याला बहुतेक वेळा रोग कारण नसतो. एक तर पिल्लं उपाशी असतात, नाहीतर त्यांच्यासाठी टाकलेलं खाणं कुजून पाणी बिघडलेलं असतं. पोट भरलेलं आणि पाणी स्वच्छ, या दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या असतात. खाली गुहेपासून पाणी बदलण्यापर्यंत जे सांगितलं आहे ते त्याचसाठी.

जोडी निवडताना

ब्रिसलनोज म्हणजे अँसिस्ट्रस, दक्षिण अमेरिकेतला चूषकमुखी कॅटफिश. टँकमध्ये सहसा दिसणारा साधा प्रकार 10 ते 13 सेंमीपर्यंत वाढतो आणि साधारण 8 ते 12 महिन्यांत, 7 सेंमीच्या आसपास, प्रजननाला तयार होतो. तयार जोडी विकत घेण्यापेक्षा 4-5 सेंमीची पाच-सहा पिल्लं दोन वेगळ्या ठिकाणांहून आणून वाढवणं चांगलं. एकाच घाण्यातली भावंडं पिढ्यानपिढ्या एकमेकांत वाढवत गेलं की आखूड अंगाची, वाकड्या कण्याची पिल्लं निघायला लागतात.

नराच्या नाकाडावर, अगदी कपाळापर्यंत, फाटे फुटलेल्या मांसल मिशा असतात. मादीला मिशा नसतात, किंवा असल्या तरी ओठाच्या कडेने आखूड, बिनफाट्याची एकच रांग असते. वयात न आलेला नर मादीसारखाच दिसतो, म्हणून 6 सेंमीच्या आतल्या माशाबद्दल खात्रीने बोलू नये. अंड्यांवर आलेली मादी वरून पाहावी: छातीच्या परांमागे ती स्पष्ट रुंद झालेली असते.

100 लिटरच्या टँकमध्ये एक नर आणि दोन माद्या पुरेत. दोन नर हवे असतील तर टँक 120 सेंमी लांब घ्या आणि गुहा दोन टोकांना ठेवा. तसं केलं नाही तर एक नर दुसऱ्याच्या गुहेत शिरून अंडी बाहेर फेकतो. अँसिस्ट्रसच्या वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवू नका. त्यांचा संकर होतो आणि त्या पिल्लांची जात पुढे कुणालाच सांगता येत नाही. रंगाचं गणितही आधी लक्षात घ्या. अल्बिनो हा सुप्त गुण आहे. अल्बिनो आणि शुद्ध तपकिरी यांची सगळी पिल्लं तपकिरी निघतात. अशी दोन पिल्लं पुढे एकत्र आली, तर त्यांच्या पिल्लांत सुमारे चौथा हिस्सा अल्बिनो येतो.

पाणी आणि गुहा

तापमान 25-26 अंश, पीएच 6.5 ते 7.5, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट 20-30 पीपीएमच्या आत. पाण्याच्या कठीणपणाची या माशाला फारशी फिकीर नसते, पण त्यातले अचानक बदल सोसत नाहीत. फिल्टर म्हणून मोठा स्पंज फिल्टर घ्या. आतल्या किंवा बाहेरच्या पॉवर फिल्टरच्या तोंडाला बारीक स्पंज बांधलाच पाहिजे, नाहीतर पिल्लं थेट आत खेचली जातात. टँकमध्ये ड्रिफ्टवुडचा एखादा तुकडा असावा. लाकूड हे त्यांचं अन्न नव्हे. त्यावर जो बुळबुळीत जैविक थर चढतो तो ते दिवसभर खरवडत असतात, आणि पिल्लांना त्याचा फार उपयोग होतो.

गुहा एका बाजूने पूर्ण बंद हवी. नराची लांबी अधिक 2-3 सेंमी इतकी तिची लांबी असावी आणि आतली रुंदी नर पर पसरून जेमतेम मावेल इतकी. 10 सेंमीच्या नरासाठी साधारण 13 सेंमी लांब आणि 4 ते 5 सेंमी रुंद गुहा बसते. भाजलेली माती, स्लेट, बांबू, एका बाजूला बूच बसवलेला पीव्हीसी पाइप, यांतलं काहीही चालतं. मात्र प्लास्टिकच्या गुळगुळीत पाइपला आतून सँडपेपर मारा, म्हणजे अंडी चिकटून राहतात. गुहा फार ऐसपैस असली की नराला तोंड अडवता येत नाही, मादी अर्ध्यातच निसटते किंवा अंड्यांचा घोस बाहेर घरंगळतो. बंद टोक किंचित खाली झुकलेलं ठेवा. फिल्टरचा प्रवाह तोंडाशेजारून जावा, सरळ आत घुसू नये. नरामागे निदान दोन गुहा ठेवा, निवड त्याला करू द्या.

अंड्यांवर आणणं

दोन आठवडे चांगलं खाणं द्या: रोज भाजी किंवा अल्गी वेफर, आणि आठवड्यातून दोन-तीनदा फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा ब्राइन श्रिंप (कोळंबीसारखे बारीक जीव). मादी भरलेली दिसली की 40-50 टक्के पाणी बदला आणि नवीन पाणी टँकपेक्षा 2-3 अंश थंड घ्या. लागोपाठ दोन-तीन दिवस असं केलं तर बहुतेक जोड्या आठवड्याभरात अंड्यांवर येतात. क्लोरीन काढल्याशिवाय नळाचं पाणी कधीही घालू नका.

नर मादीला गुहेत घेतो आणि तोंड अडवून बसतो. हे काही तासांत आटोपतं किंवा दीड-दोन दिवसही चालतं. मादी अडकली असं वाटून गुहा उचलू नये. मादी बाहेर आली आणि नर आतच राहिला, याचा अर्थ बहुतेक अंडी पडली. नर गुहेच्या तोंडाशी बसून छातीचे पर आणि शेपटी एका लयीत हलवत राहतो. तो जरा सरकला की आत गर्द नारिंगी, सुमारे 3 मिमीच्या अंड्यांचा द्राक्षासारखा घोस दिसतो. एका घोसात 30 ते 150 अंडी असतात. या दिवसांत नर जवळजवळ काही खात नाही. ते नेहमीचंच आहे, त्याच्या तोंडाशी खाणं ढकलू नका. टॉर्चने तासातासाला डोकावणंही टाळा.

26 अंशांना चौथ्या ते सहाव्या दिवशी अंडी फुटतात. निघतो तो मासा वाटतच नाही: एक नारिंगी गोळा आणि त्याला वळवळणारी शेपटी. तरीही त्या वयात त्याचं तोंड गुहेच्या भिंतीला घट्ट धरून असतं. गोळा म्हणजे बलक. तो संपेपर्यंत, म्हणजे अंडी पडल्यापासून साधारण नवव्या ते बाराव्या दिवसापर्यंत, पिल्लांना बाहेरच्या खाण्याची गरज नसते. या काळात टाकलेलं खाणं फक्त पाणी खराब करतं.

नराने अंडी फेकली तर

पहिल्या दोन-तीन वेळा नवखा नर अंडी बाहेर ढकलतो, त्यात काळजीचं काही नाही. पण अनुभवी नर वारंवार फेकत असेल तर कारण शोधावं. गुहा फार मोठी आहे का, दुसरा नर किंवा सिक्लिडसारखा भांडखोर मासा त्रास देतो का, तापमान 28 च्या वर जातं का, ते पाहा. न फळलेली अंडीही तो स्वतःहूनच काढून टाकतो.

फेकलेला घोस उचलून टँकमध्येच टांगलेल्या ब्रीडर बॉक्समध्ये ठेवा. त्याच्या शेजारी एअर स्टोन लावा, पण बुडबुडे इतकेच की घोस हलका डुलत राहील. जोरात गडबडला तर अंडी फुटतात. पांढरं पडलेलं अंडं मेलेलं असतं. ते चिमट्याने त्याच दिवशी काढा, कारण त्यावरची बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते. वेगळ्या भांड्यात उबवत असाल तर पाणी फिकट निळं होईल इतकं मिथिलीन ब्लू चालतं. मुख्य टँकमध्ये ते घालू नये, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात आणि सिलिकॉनवर कायमचा डाग बसतो.

पिल्लं वेगळी काढणं

बलक वाटाण्यासारखा फुगलेला न राहता पोटाखाली पातळ पट्टी उरली की ती वेळ. गुहेचं तोंड पाण्याखालीच तळहाताने झाका, गुहा अलगद बॉक्सवर नेऊन उलटी करा आणि हलके हेलकावे द्या. आधी नर बाहेर येईल. त्याला जाळीने धरू नका. गालावरचे काटे जाळीत अडकतात, सोडवताना मोडतात आणि बोटालाही टोचतात. प्लास्टिकचा मग वापरा.

पहिले तीन आठवडे मुख्य टँकमध्ये टांगलेला, एअरलिफ्टने (हवेच्या बुडबुड्यांनी पाणी वर उचलणाऱ्या नळीने) सतत ताजं पाणी येणारा बॉक्स हीच सर्वात चांगली जागा. खाणं समोर राहतं आणि पाणी मात्र शंभर लिटरचं मिळतं. 2-3 लिटरच्या बॉक्समध्ये पन्नासपर्यंत पिल्लं ठीक राहतात. पिल्लं थेट मोठ्या टँकमध्ये सोडली तर ती जगत नाहीत असं नाही, पण ही पिल्लं अन्नाच्या शोधात लांब जात नाहीत. जिथे चिकटली तिथेच खरवडत राहतात, आणि तिथलं संपलं की उपाशी पडतात. खाणं त्यांच्या पोटाखाली असायला हवं.

रोजचं खाणं

झुकिनी किंवा काकडीची सेंटिमीटरभर जाडीची चकती उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून थंड करा आणि स्टीलच्या काट्याला टोचून तळाशी बुडवा. पालक अर्धा मिनिट पुरतो. भाजी आधी नीट धुवा, फवारणीचे अंश या पिल्लांना सोसत नाहीत. सकाळी चकतीचा गर जाऊन सालाचं कडं तेवढं उरलेलं दिसलं तर प्रमाण बरोबर आहे. गर तसाच असून वर बुळबुळीत साय आली असेल तर पुढच्या वेळी अर्धी चकती द्या. कोणतीही भाजी 24 तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

नुसत्या काकडीवर पिल्लं जगतात पण वाढत नाहीत, ती बहुतांशी पाणीच असते. त्यासाठी अगरचं खाणं करावं. 100 ग्रॅम उकडलेला, सोललेला हिरवा वाटाणा आणि पालक यांची पेस्ट करा, त्यात दोन चमचे स्पिरुलिना (शेवाळाची पूड) आणि दोन चमचे चांगल्या मत्स्यखाद्याची पूड घाला. 150 मिली पाण्यात 3 ग्रॅम अगर दोन मिनिटं उकळून पेस्टमध्ये मिसळा आणि गरम असतानाच कौलाच्या किंवा बिनग्लेझ फरशीच्या छोट्या तुकड्यांवर पातळ पसरा. थिजलं की तो तुकडाच बॉक्समध्ये ठेवायचा. दहा मिनिटांत त्यावर पिल्लांची गर्दी होते, आणि उरलेलं तुकड्यासकट उचलता येतं. फ्रिजमध्ये हे पाच-सहा दिवस टिकतं. फ्रीझरमध्ये ठेवू नका, अगर फुटून पाणी सुटतं.

दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं द्या आणि आठवड्यातून दोनदा ब्राइन श्रिंप. मांसाहार फार झाला की पोटं फुगतात.

पोट पाहायची सवय लावून घ्या. काचेला चिकटलेलं पिल्लू बाहेरून पाहिलं की पोट समोरच असतं. ते गोल, किंचित बाहेर आलेलं, आतलं हिरवं-तपकिरी खाणं दाखवणारं हवं. पोट आत गेलेलं, डोकं अंगापेक्षा मोठं दिसणारं पिल्लू चार-पाच दिवस उपाशी आहे, आणि अशी पिल्लं क्वचितच सावरतात. एक जरी तसं दिसलं तरी बाकीच्यांसाठी आजच खाण्याच्या जागा वाढवा: एकाऐवजी तीन तुकडे, वेगवेगळ्या कोपऱ्यांत.

पाणी, पुन्हा पाणी

बॉक्सचा तळ रोज एअरलाइनच्या नळीने सायफन करा. काढलेलं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या, म्हणजे ओढली गेलेली पिल्लं दिसतात. ती दरवेळी दोन-चार सापडतातच. तीन आठवड्यांनी 50-60 लिटरच्या वाढीच्या टँकमध्ये हलवा. त्यात वाळू घालू नका, उघडा तळ साफ करायला सोपा. स्पंज फिल्टर आधी मुख्य टँकमध्ये महिनाभर चालवून मुरलेला, म्हणजे उपयोगी जिवाणू वाढलेला, हवा. कोऱ्या फिल्टरवर शंभर पिल्लं म्हणजे आठवड्यात अमोनिया. दर दोन-तीन दिवसांनी 30-40 टक्के पाणी बदला, तापमानाचा फरक एक अंशाच्या आत ठेवून. थंड पाण्याने माद्या अंड्यांवर येतात, पिल्लांना मात्र ते बाधतं.

सकाळी पिल्लं पाण्याच्या रेषेशी जमून भराभर श्वास घेताना दिसली, तर रात्री उरलेल्या भाजीने ऑक्सिजन खाल्लेला असतो. लगेच भाजी काढा, निम्मं पाणी बदला, हवा वाढवा. पोटावर लालसर छटा आणि सुस्ती दिसली तर घाण तळ आणि जिवाणू हे पहिलं कारण समजावं. तळ साफ करून दोन-तीन दिवस रोज पाणी बदला आणि एक दिवस खाणं बंद ठेवा. तांबं असलेली औषधं ब्रिसलनोजच्या टँकमध्ये वापरू नका, पिल्लांच्या टँकमध्ये तर नाहीच.

दोन महिन्यांत पिल्लं साधारण 2 ते 2.5 सेंमी होतात, तीन-चार महिन्यांत 3 ते 4 सेंमी. मोठी पिल्लं खाण्याची जागा बळकावतात, म्हणून दुसऱ्या महिन्यात आकाराने दोन गट करा. 3 सेंमीच्या आत कुणाला देऊ नये. देण्याआधी 24 तास खाणं बंद ठेवा, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. नदी-तळ्यात मात्र एकही सोडू नका.

तोवर नर बहुधा पुढच्या घोसावर बसलेला असतो. चार-सहा आठवड्यांनी नवी अंडी येत राहतात आणि दरवेळी तो आठ-दहा दिवस उपाशी राहतो. त्याचं पोट आत गेलेलं दिसलं किंवा मागच्या पिल्लांना जागा उरली नसेल, तर गुहा काढून घ्या आणि त्याला दोन महिने निवांत खाऊ द्या.