जुना पाईप ऑर्गन काढायच्या आधी रेकॉर्डिंग कसं करायचं
चॅपलमधला जुना ऑर्गन काढून नवीन बसवणार असतील तर नुसती दोन-चार गाणी रेकॉर्ड करून थांबू नका प्लीज. एकेक स्टॉप (पाईपांचा एकेक संच चालू करणारी खुंटी) वेगळा ओढून खालपासून वरपर्यंत प्रत्येक सूर घ्या, सात-आठ सेकंद धरा आणि सोडल्यावर घुमारा पूर्ण विरेपर्यंत कुणी हलायचं पण नाही, चॅपलचा खरा आवाज त्यातच असतो. रेकॉर्डरवर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ठेवा, ऑटो लेव्हल (आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद. शक्यतो रात्रीच करा. ब्लोअरचा (पाईपांना हवा देणाऱ्या पंख्याचा) नुसता आवाज मिनिटभर वेगळा घ्या, नॉइज काढायला लागतो. हीटर मध्येच लावू नका, एका अंशाने तापमान वाढलं तरी सूर साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढतो. नंतर ही रेकॉर्डिंग्ज ग्रँडऑर्ग (GrandOrgue) या फ्री सॉफ्टवेअरमध्ये घालून हाच ऑर्गन कीबोर्डवर वाजवता येतो!