उघड्यावरचा स्मॉल सेल कसा बसवावा : गोव्यातील पावसाळा आणि वेळेचा मेळ

कारखान्याचे लांबरुंद आवार, बंदरातील माल उतरवण्याची जागा किंवा खाणीचा परिसर अशा ठिकाणी वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट एकामागून एक वाढवत नेण्यापेक्षा एक-दोन स्मॉल सेल (मोबाइल टॉवरचे छोटे रूप) लावून स्वतःचे एलटीई (फोर-जी) किंवा फाइव्ह-जी नेटवर्क उभारणे अधिक भरवशाचे ठरते. या लेखात मी असे गृहीत धरतो की खांबाची जागा ठरली आहे, कोअर नेटवर्क (मोबाइलची ओळख पटवून संपर्क जोडणारी मध्यवर्ती यंत्रणा) चालू आहे, सिम कार्डे हाती आहेत आणि उंचीवर काम करण्याचा अनुभव असलेला माणूस सोबत आहे. वेर्णा, कुंडई, पिसुर्ले यांसारख्या औद्योगिक वसाहतींत किंवा मुरगावच्या खाऱ्या वाऱ्यात हे काम करताना नेमके कोठे अडते आणि त्यावर काय करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम स्पेक्ट्रमविषयी, म्हणजे वापरायच्या रेडिओ-लहरींच्या पट्ट्याविषयी. इंटरनेटवर सापडणारी बहुतेक मार्गदर्शके अमेरिकेतील सीबीआरएस व्यवस्थेसाठी लिहिलेली आहेत. तेथे ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मध्यवर्ती संगणकप्रणालीकडे नोंदणी करून वापरता येतो आणि म्हणून त्या लेखांतील निम्मी पाने त्या नोंदणीवरच खर्ची पडतात. आपल्याकडे तशी सोय नाही. २०२२ च्या लिलावात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ या पट्ट्याचा बराचसा भाग दूरसंचार कंपन्यांना विकला गेला असून त्याच्या वर, ३७०० पासून, केबलवाल्यांच्या मोठ्या डिशचा सी-बँड सुरू होतो. परदेशातून स्वस्तात मिळालेला सीबीआरएस रेडिओ येथे चालू करणे म्हणजे दुसऱ्याच्या परवान्यातील लहरींवर अतिक्रमण करणे होय. तो गुन्हा आहे, आणि ‘आवार आपलेच आहे, कोणाला कळणार’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याला दारातूनच परत पाठवावे. दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये खासगी नेटवर्कांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांनुसार परवानाधारक कंपनीकडून नेटवर्क उभारून घेणे किंवा तिच्याकडून स्पेक्ट्रम भाड्याने घेणे हे मार्ग उपलब्ध आहेत. कोणता पट्टा, किती रुंदी आणि किती शक्ती हे लेखी हाती आल्याशिवाय खांबाला हात लावू नये. दाभोळी किंवा मोपा विमानतळाच्या आसपास काम असेल तर खांबाच्या उंचीचे ना-हरकत प्रमाणपत्रही आधीच घ्यावे.

बसवणीचे यांत्रिक काम सोपे आहे. ब्रॅकेट, क्लॅम्प आणि नट-बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. ३०४ प्रतीचे समुद्राजवळ तांबूस पडतात आणि जस्ताचा मुलामा दिलेले तर त्याहूनही लवकर गंजतात. सेल सरळ उभा, केबलची तोंडे खाली, प्रत्येक केबलला आत शिरण्यापूर्वी खाली झोळ. न वापरलेल्या अँटेना पोर्टांवर ५० ओमची टोपी बसवावी. जोडांवर आपसांत चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळत न्यावी, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी आत न शिरता ओघळून जाते. त्यावर उन्हात टिकणारी टेप. मृग नक्षत्र लागल्यानंतर उघडलेला जोड पुन्हा पूर्ण कोरडा करून बंद करणे गोव्यात जवळजवळ अशक्य असते, म्हणून हे सारे मे महिन्याच्या मध्यापूर्वी उरकावे.

अर्थिंगबाबत मात्र थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण आपल्याकडील जमीन जांभ्याची आहे. जांभा कोरडा झाला की विजेला फार विरोध करतो. ऑगस्टमध्ये मोजलेला अर्थिंगचा आकडा सुंदर दिसतो, पण गडगडाटाचे ढग येतात ते एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये, आणि त्यांपैकी एप्रिल-मेमध्ये तीच जमीन भाजून निघालेली असते. म्हणून मोजणी उन्हाळ्याच्या अखेरीस करावी आणि तेव्हा पाच ओमच्या आत येत नसेल तर एकाच खड्ड्यात कोळसा-मीठ भरत बसण्याऐवजी आणखी दोन इलेक्ट्रोड अंतरावर ठोकून ते तांब्याच्या पट्टीने जोडावेत. खांब, सेल, सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत उतरवणारे उपकरण) आणि इमारतीचे अर्थिंग हे सर्व एकमेकांना जोडलेलेच असले पाहिजे. ‘इलेक्ट्रॉनिक्ससाठी वेगळी, स्वच्छ अर्थ’ हा सल्ला अनेक वायरमन अजून देतात. वीज जवळपास पडली की त्या दोन अर्थांमधील व्होल्टेजचा फरक थेट उपकरणातूनच वाट काढतो, त्यामुळे हा सल्ला मुळीच ऐकू नये.

वीजपुरवठा : पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याची पद्धत) वापरत असाल तर ८०२.३बीटी दर्जाचा इंजेक्टर (ही वीज केबलमध्ये सोडणारे उपकरण), शील्ड असलेली बाहेरची केबल, १०० मीटरची मर्यादा आणि दोन्ही टोकांना अरेस्टर. अंतर त्याहून अधिक असल्यास फायबर आणि स्वतंत्र डीसी पुरवठा. यूपीएस हवाच, त्याचे कारण पुढे येईल.

आता मुख्य टप्पा. तो रेडिओचा नाही, केबलचा नाही, तर घड्याळाचा आहे. मला स्वतःला याच टप्प्याने सर्वाधिक छळले, आणि आजही कोणी ‘सेल आपोआप बंद होतो’ अशी तक्रार घेऊन आला की मी प्रथम वेळेचा मेळच तपासतो.

खासगी नेटवर्कांचे बहुतेक मध्यम पट्टे टीडीडी पद्धतीचे असतात, म्हणजे एकाच लहरीवर काही क्षण सेल बोलतो आणि काही क्षण ऐकतो. शेजारच्या सर्व सेलनी एकाच वेळी बोलायचे आणि एकाच वेळी ऐकायचे असते. भजनात एका टाळकऱ्याची मात्रा सुटली की बाकीच्यांचाही ताल बिघडतो, तसेच येथे होते : एका सेलचे घड्याळ सरकले की तो शेजाऱ्याच्या ऐकण्याच्या वेळेत बोलू लागतो आणि शेजाऱ्याला मोबाइलांचा क्षीण आवाज ऐकूच येत नाही. यासाठी प्रत्येक सेलचे घड्याळ सामाईक वेळेपासून दीड मायक्रोसेकंदापेक्षा जास्त ढळता कामा नये. एवढी अचूकता जीपीएसच्या उपग्रहांकडून किंवा पीटीपी या प्रोटोकॉलने नेटवर्कमधून मिळवावी लागते. संगणकांना पुरणारे साधे एनटीपी येथे पुरत नाही.

जीपीएसचा सिग्नल सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो. काँक्रीट किंवा पत्रा तर तो अडवतोच. पण गोव्यात खरा शत्रू ओले पान आहे. फेब्रुवारीत माडांच्या झावळ्यांखाली किंवा फणसाच्या कडेला लावलेला अँटेना उत्तम चालतो, पडद्यावर हिरवा दिवा दिसतो, काम पूर्ण झाल्याची सही होते. जून-जुलैमध्ये पालवी दाट होते, पाने दिवसभर भिजलेली राहतात आणि तोच अँटेना उपग्रह गमावू लागतो. म्हणून कोरड्या दिवसांतील हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवू नये. अँटेनाच्या जागेवरून चौफेर पाहावे. क्षितिजापासून साधारण पंधरा अंशांच्या वर झाड, टाकी किंवा भिंत दिसत असेल तर जागा बदलावी. झाड तोडण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण दोन मीटरचा अधिकचा नळ बहुतेक वेळा पुरतो. आडोसा टाळताच येत नसेल तर तो उत्तरेस असावा : जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांनी कललेल्या असल्यामुळे गोव्यातून पाहता थेट उत्तरेकडील खालच्या आकाशात उपग्रह येतच नाहीत, तेव्हा तेथील आडोशाने फारसे नुकसान होत नाही. दक्षिणेकडचे आकाश मात्र झाकू देऊ नये.

अनेक सेलमध्ये जीपीएसचा अँटेना आतच बसवलेला असतो आणि माहितीपत्रक तेवढे पुरेसे असल्याचे सांगते. मोकळ्या मैदानातील खांबावर ते खरे आहे. भिंतीला लावलेल्या सेलला मात्र अर्धेच आकाश दिसते. तेथे मी नेहमी बाहेरचा अँटेना घेतो आणि इतरांनीही घ्यावा असे आग्रहाने सांगतो. तो गच्चीच्या कठड्याच्या वर येईल, पण विजेच्या सळईच्या संरक्षक छायेत राहील असा बसवावा. पत्र्याच्या छपरालगत ठेवू नये, कारण पत्र्यावरून परावर्तित झालेला सिग्नल वेळेत चूक घालतो.

बाहेरचा अँटेना घेतला की तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, त्या अँटेनातील ॲम्प्लिफायरला सेलकडून त्याच कोॲक्स केबलमधून डीसी वीज जाते. त्यामुळे मधला सर्ज अरेस्टर डीसी जाऊ देणारा असलाच पाहिजे. दुकानात मिळणारा साधा अरेस्टर ही वीज अडवतो आणि मग अँटेना बदलून, केबल बदलून, सेल बदलूनही एकही उपग्रह दिसत नाही. दुसरी, पातळ आरजी-५८ केबल लांबवर ओढू नये. या लहरीवर तिच्यातील घट मीटरमागे अर्ध्या डीबीहूनही अधिक असते, म्हणून दहा मीटरच्या पुढे जाड, कमी घटीची केबल वापरावी. तिसरी, केबलमधील विलंब सेलमध्ये नोंदवावा. मीटरमागे चार ते पाच नॅनोसेकंद धरले तर तीस मीटरच्या केबलचा विलंब सुमारे १२० ते १५० नॅनोसेकंद होतो, म्हणजे परवडणाऱ्या एकूण चुकीचा दहावा हिस्सा केबलनेच खाल्ला. तो रकाना शून्यावर सोडण्याचे काहीच कारण नाही.

यानंतर सेलच्या पडद्यावर ‘लॉक्ड’ हा शब्द दिसला म्हणून खाली उतरू नये. सेलला स्वतःचे स्थान ठरवण्यासाठी किमान चार उपग्रह लागतात आणि चार मिळताच बहुतेक उपकरणे तो शब्द दाखवतात. पाहावयाचे असते ते प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलचे बळ. सहा-सात उपग्रह ४० डीबी-हर्ट्झच्या आसपास असतील तर पावसाळ्यासाठी काही शिल्लक हाती आहे. सगळेच ३५ च्या खाली रेंगाळत असतील तर पहिल्या मोठ्या पावसात सेल जाणार हे निश्चित समजावे. नोंदी पूर्ण एक दिवस चालू ठेवून त्यातील सर्वांत वाईट तास पाहावा, सरासरी पाहू नये.

हा दोष ओळखणे कठीण जाते ते होल्डओव्हरमुळे. उपग्रह गेले तरी सेल लगेच थांबत नाही. आतील तापवून स्थिर ठेवलेल्या स्फटिकाच्या आधारे तो काही तास वेळ धरून ठेवतो आणि ती मुदत संपली की प्रक्षेपण बंद करतो. म्हणून बिघाड रात्रीच्या पावसात होतो आणि तक्रार सकाळी स्वच्छ उन्हात येते. तोपर्यंत उपग्रह परतलेले असतात आणि मनुष्य केबल, सॉफ्टवेअर, कोअर यांच्या मागे धावत राहतो. नोंदींमध्ये होल्डओव्हर हा शब्द शोधावा. यूपीएसचा आग्रहही याचसाठी आहे : वीज खंडित झाली की स्फटिक थंड होतो आणि वीज परतल्यावर तो पुन्हा तापून, उपग्रह पुन्हा सापडून सेल बोलू लागेपर्यंत बराच वेळ जातो. पावसाळ्यात दिवसातून अनेकदा वीज जाणाऱ्या गावात हा वेळ साचत जातो.

एक गोष्ट कोणीही, कोणत्याही दबावाखाली करू नये. सेटिंगमध्ये वेळेचा स्रोत ‘फ्री रन’ करण्याचा पर्याय असतो. तो निवडताच धोक्याचा लाल दिवा विझतो, सेल बोलू लागतो आणि ग्राहक समाधानी होतो. पण घड्याळ त्या क्षणापासून सरकू लागलेले असते, आणि आपल्या आवारातील दुसरा सेल किंवा त्याच पट्ट्यातील कंपनीचा रस्त्यावरचा टॉवर त्याची किंमत मोजतो. हा पर्याय बंद खोलीतील चाचणीपुरता आहे.

जेथे आकाश मिळतच नाही तेथे पीटीपी वापरावे. मात्र मधला प्रत्येक स्विच पीटीपी जाणणारा असला पाहिजे. जी.८२७५.१ आणि जी.८२७५.२ या दोन प्रोफाइलांपैकी सेल आणि ग्रँडमास्टर (नेटवर्कला वेळ पुरवणारे मुख्य घड्याळ) यांवर एकच निवडलेले असावे. पहिल्याचा मूळ डोमेन क्रमांक २४, तर दुसऱ्याचा ४४ असतो आणि तो जुळला नाही तर काहीच घडत नाही. जाण्या-येण्याच्या मार्गांतील विलंबात फरक असेल तर त्याच्या निम्मी चूक थेट वेळेत उतरते, म्हणून मध्ये स्वस्त मीडिया कन्व्हर्टर किंवा वायरलेस लिंक ठेवू नये.

वेळ जुळली की उरलेले काम बहुतेक आकडे भरण्याचे आहे. पीएलएमएन (नेटवर्कचा क्रमांक), टॅक (क्षेत्राचा क्रमांक), कोअरचा पत्ता आणि फाइव्ह-जी असल्यास स्लाइसचा (नेटवर्कच्या आभासी वाट्याचा) क्रमांक हे कोअरमध्ये जसेच्या तसे असावेत. पीसीआय (सेलचा ओळखक्रमांक) शेजारी सेलमध्ये वेगळा असावाच, शिवाय तीनने भागून उरणारी बाकीही वेगळी ठेवावी. कोअरशी संबंध जुळत नसेल तर फायरवॉल पाहावी : सेल एससीटीपी हा प्रोटोकॉल वापरतो, एलटीईसाठी ३६४१२ आणि फाइव्ह-जीसाठी ३८४१२ हे पोर्ट असतात, आणि कार्यालयातील फायरवॉल टीसीपी-यूडीपीखेरीज इतर काही सहसा जाऊ देत नाही. मोबाइल जोडला जातो, पिंग चालते, पण मोठे वेबपान किंवा कॅमेऱ्याचे चित्र अडकते अशी अवस्था असेल तर दोष एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल आकाराचा) समजावा. जीटीपीचे (सेल आणि कोअर यांमधील वाहतुकीच्या प्रोटोकॉलचे) आवरण प्रत्येक पॅकेटवर किमान ३६ बाइट चढवते आणि आयपीसेक (सांकेतिकीकरण) असल्यास आणखी, तेव्हा मधल्या स्विचांवर एमटीयू वाढवावा.

फ्रेमची, म्हणजे बोलण्या-ऐकण्याच्या वेळेची, विभागणी मात्र मनाने बदलू नये. कॅमेरे जास्त आहेत म्हणून अपलिंकला (मोबाइलकडून सेलकडे येणाऱ्या माहितीला) अधिक वेळ द्यावा ही ग्राहकाची मागणी रास्त असते. तरी त्याच पट्ट्यातील शेजारी कंपनीची विभागणी वेगळी असेल तर घड्याळे तंतोतंत जुळूनही दोघे एकमेकांवर बोलतील. बदल हवा असल्यास स्पेक्ट्रम देणाऱ्या कंपनीची लेखी संमती घ्यावी.

शेवटी आवारातून चालत मोजणी करावी. सिग्नलचे बळ उणे १०० डीबीएमच्या वर आणि गुणवत्ता समाधानकारक असेल तर पुरे. शक्ती वाढवण्यापेक्षा अँटेनाचा कल दोन अंश खाली करून पाहावा. सेटिंगची प्रत जपून ठेवावी आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात, मुसळधार पावसाच्या दिवशी, उपग्रहांची संख्या, त्यांचे बळ आणि होल्डओव्हरच्या नोंदी पुन्हा काढून त्या मे महिन्यातील आकड्यांशेजारी लिहाव्यात. ग्राहकाकडून काम पूर्ण झाल्याची अंतिम सही त्यानंतर घ्यावी.