संघात निवड झाली, आता घरातली दोन मते कशी जुळवावीत?

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या मराठी घरात मुलाची फुटबॉल, हॉकी वा कबड्डीच्या संघात निवड झाली की दोन दिवस पेढे वाटण्यात जातात आणि तिसऱ्या दिवशी, पहाटे साडेपाचला त्याला मैदानावर सोडायचे कोणी, यावरून आईवडिलांचे बिनसते. वाद खेळावरून आहे असे दोघांनाही वाटते. प्रत्यक्षात तो बहुधा वेळ, पैसा आणि दहावी यांचा असतो.

म्हणून दोघांनी मूल समोर नसताना आपापला आक्षेप कागदावर लिहावा. ‘अभ्यास बिघडेल’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या विषयाची शिकवणी बुडते हे लिहावे. मराठी माध्यमाच्या मुलाची सरावाशी टक्कर अनेकदा कन्नडच्या शिकवणीचीच असते, आणि शिकवणीची वेळ बदलून मिळाली तर पुढचे भांडण उरतच नाही.

यानंतर स्पर्धांच्या पायऱ्या पाहाव्यात, कारण खर्च तिथेच वाढतो. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा वर जातात. आपल्या एकाच महसुली जिल्ह्यात बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे असल्यामुळे निपाणीच्या मुलाची जिल्हा पातळी चिक्कोडीकडे, तर खानापूरच्या मुलाची बेळगावकडे जाते. विभागात मात्र धारवाड, विजापूरपासून कारवारकडच्या उत्तर कन्नडपर्यंतचे जिल्हे येतात. तेव्हा तालुक्याचा सामना जिंकल्यावर रात्री अकराला ‘एवढ्या लांब कोण जाणार’ हा प्रश्न काढण्यापेक्षा, विभागापर्यंत गेल्यास रजा कोणाची आणि पैसे कुठून, हे होकार देण्यापूर्वीच ठरवावे. एकदा संघाला शब्द दिला की दुखापत किंवा प्रकृतीचे कारण वगळता हंगाम पुरा करू द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आईवडिलांच्या रुसव्याची किंमत बाकीच्या खेळाडूंनी का मोजावी?

सराव किती असावा, याबाबत अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस दोन्ही बाजूंना उपयोगी पडते: आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती, आणि एकाच खेळात रमलेल्या मुलाला वर्षातून एकूण तीन महिने, एकेका महिन्याच्या तुकड्यांनी, त्या खेळापासून सुट्टी. (खानापूरकडच्या पावसाने एक महिना तर आपोआपच मिळतो.) दहावीची वार्षिक परीक्षा मार्च-एप्रिलच्या सुमारास असते, त्यामुळे जूनपासूनच खेळ बंद करण्याची गरज नाही, जानेवारीपासून सराव आवरता घेण्याची तडजोड बहुतेक घरांत चालून जाते.

मुलाला एकट्याने विचारावे, आणि ‘तुला आवडते का’ असे नव्हे, तर ‘तुझा मित्र संघातून निघाला तरी तू जाशील का’ असे विचारावे. आईने नाही म्हटले की बाबांकडे जाण्याची वाट मुलांना चांगली ठाऊक असते. निर्णय दोघांनी एकत्र बसून सांगितला की ती बंद होते. प्रशिक्षकांशीही दोघांपैकी एकानेच बोलावे. आजोबांना निर्णय आधी कळवावा, नाहीतर ते पहिल्या पराभवाच्या दिवशी तो फिरवतात.

मत बदललेच, तर फेरविचार हंगाम संपल्यावर करावा. गणपतीत पाहुण्यांसमोर नव्हे, आणि सामन्याच्या सकाळी बूट बांधत बसलेल्या मुलासमोर तर नव्हेच.